उपाशी बुरशी

पावावर बुरशी दिसली की आई नाक मुरडून तो फेकायची. मी पुण्याहून जर्मनीतल्या येनाला पीएचडीला गेले ती बुरशीच पाळायला! फोनकार्डावर बोलताना ती म्हणायची, "अगं, तेवढ्यासाठी जर्मनी कशाला? लोणच्याच्या बरणीत हवी तेवढी मिळेल."

बुरशी स्वतःच्या बचावासाठी नाना रसायनं बनवते. ती रसायनं स्टेम सेल्सना, म्हणजे पुढे काय व्हायचं हे अजून न ठरलेल्या पेशींना, कुठल्या वाटेला लावतात हे मी बघत होते. बुरशीपासून काढलेल्या माझ्या पहिल्याच अर्काने उंदराच्या स्टेम सेल्स हृदयाच्या पेशी बनल्या आणि बशीत चक्क धडधडल्या. मी हवेत! पण पुन्हा करायला गेले तर ढिम्म. कितीदा केलं, तेच. शेवटी माझ्या गाइड प्रोफेसरबाई म्हणाल्या, "आल्झो, तर मग उन्हाळी सुट्टीपर्यंत बघू. नाहीतर दुसरा विषय." म्हणजे सगळं पहिल्यापासून. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

बुरशीची बडदास्त मी काय कमी ठेवली होती? पान रिकामं दिसलं की वाढायचं, हीच आपल्या हाताची सवय. खाद्य जरा संपत आलं की ताज्या बशीत हलवायची. ती गुबगुबीत, पांढरीशुभ्र झाली आणि कामाच्या नावाने शून्य. एक दिवस माझं डोकंच सणकलं. "आयतं खा आणि लोळ!" असं तिला मोठ्याने म्हणाले आणि थबकले. पहिला अर्क मी विसरलेल्या, सुकत आलेल्या बशीतून काढला होता. संकटच नसेल तर ही बया बचावाचं रसायन बनवेल कशाला?

मग ठेवली उपाशी. ती रोडावली, करडी पडली. माझा जीव तुटत होता. तिचा अर्क पेशींना दिला, शेजारच्या बशांना गुबगुबीत बुरशीचा.

काही दिवसांनी सकाळी मायक्रोस्कोपखाली एक पुंजका हलला. वाटलं, माझाच हात थरथरतोय. हात काढला. तो हलतच राहिला, ठेक्यात.

प्रोफेसरबाईंना अक्षरशः ओढून आणलं. त्यांनी शेजारच्या बशा पाहिल्या, त्यांत काहीच हलत नव्हतं. मग पुन्हा ही बशी. टेबलावर बोटाने तोच ठेका मोजला.

"आत ठेव त्यांना, गारठतील," त्या म्हणाल्या. "आणि सुट्टीनंतर यातलं नेमकं रसायन वेगळं काढायला घे."

बशी इनक्युबेटरमध्ये ठेवताना मी ढसाढसा रडले.