सुभेदारांची फळी

सव्वीस वर्षांची नोकरी संपवून सुभेदार वीरधवल मोहिते आष्ट्याला परतले, तेव्हा त्यांची बायको पूजा घरामागच्या शेडमध्ये स्केटबोर्ड बनवत होती. विश्रामबागेतल्या कॉलेजची मुलं तिच्याकडूनच बोर्ड नेत. घरी बसून सुभेदार आठ दिवसांतच कंटाळले.

"मलाबी कायतरी काम दे की," ते म्हणाले.

पूजाने त्यांना लाकडाचे सात पातळ पापुद्रे आणि गोंद दिला. सुभेदारांनी सगळे पापुद्रे कवायतीच्या शिस्तीत, लाकडाच्या रेषा एकाच दिशेला ठेवून चिकटवले आणि टोकं वर वळवणाऱ्या साच्यात दाबून ठेवले. दुसऱ्या दिवशी फळी कापली, घासली, भोकं पाडून चाकं बसवली. मग ते ऐटीत वर उभे राहिले, तर भोकापासून फळी लांबीला चिरतच गेली.

पूजाला हसू आवरेना. "आवं, मधल्यातले दोन पापुद्रे आडवे घालायचे असत्यात. तेच फळीला चिरू देत न्हाईत."

"आधी सांगायचं हुतंस की!"

"मीबी पहिल्या दोन अशाच फोडल्या हुत्या."

दुसरी फळी मात्र सुभेदारांच्या अठ्ठ्याऐंशी किलोंखाली जराशी लवली आणि तशीच टिकली. बढती मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. पूजाचा खांदा धरून ते अंगणातल्या फरशीवर सावकाश फिरू लागले.

"सोडू का आता?" तिने विचारलं.

"नगं," सुभेदार म्हणाले. "असंच लय बरं वाटतंय."