धाकट्या जावेची मिश्री
तव्यावर काही करपलं की मला मिश्री आठवते. बेलापुरात पहिल्या इमारती उठत होत्या, तेव्हा तिथल्या दिवाळे गावात आम्ही दोघी जावा मागच्या दारी मिश्री लावत बसायचो. एके दिवशी धाकटीनं ती सोडली. तलफ आली की भाजलेला ओवा चघळायची. "धाकलीनं सोरली, तुला नाय जमाचा," सासू मला म्हणाली. माझा नुसता जळफळाट! मी वेडीनं डबी खाडीत फेकली, ओवा चघळून तोंड सोलवटलं, डोकं ठणकलं, पण हटले नाही. पुढे सुक्या बोंबलांच्या टोपलीत हात घातला, तर धाकटीची भरलेली डबी! "सासूला नको सांगू, बाय!" मेलीनं मिश्रीही लावली आणि शाबासकीही घेतली. आज तिला कवळी आहे, माझे दात शाबूत. तरी हेवा मलाच वाटतो.