लोखंड काढा

मोजणीला निघायच्या आधी तो दारात उभा राहायचा, उजवा पंजा पुढे करायचा आणि म्हणायचा, "लोखंड?"

एवढंच. समोर साहेब असोत की नवा कारकून, खिशातल्या किल्ल्या, चाकू, कमरेचा पट्टा, असेल नसेल ते त्या पंजात ठेवायचं. तो ते सगळं दाराशेजारच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये ओतायचा आणि माणसाकडे पुन्हा एकदा वरून खाली बघायचा. कोणी काही लपवलं असेल तर आपल्याला चेहऱ्यावरून कळतं, असं त्याचं म्हणणं होतं.

कारण साधं होतं. होकायंत्राजवळ लोखंड आलं की सुई ढळते, सुई ढळली की नकाशावरची रेघ ढळते, आणि रेघ ढळली की एकाच्या शेताचा बांध दुसऱ्याच्या शेतात जातो. "सुईला लोखंड दिसलं की ती येडी होते, बाय," तो मला सांगायचा. "मानसाचं पन तसंच. कोन कशानं येडा होतो, तं आपन बगायचं."

ही गोष्ट ऐंशी सालाच्या आसपासची. मी वाशीच्या एका मोजणी ऑफिसात स्टोअर सांभाळत होते. शहर तेव्हा अर्धं कागदावर होतं आणि अर्धं चिखलात. मला याद्या करायची सवय लहानपणापासूनची. घरी वाण्याची यादी, पर्समध्ये राहिलेल्या कामांची यादी, आणि ऑफिसात डेड स्टॉकचं रजिस्टर. साखळ्या चार, साखळीच्या टोकाशी रोवायचे बाण चाळीस, नकाशाच्या फळ्या तीन, होकायंत्रं दोन. दर शनिवारी ऑफिस सुटायच्या आधी मी प्रत्येक पेटी उघडून आतली वस्तू डोळ्यांनी बघत असे. नुसती पेटी बघून बरोबरची खूण करणारे स्टोअरकीपर मी पाहिले आहेत. तुम्हीही पाहिले असतील.

तो आमचा साखळीवाला, सारसोळे गावचा. जमीन मोजायची लोखंडी साखळी खांद्यावर टाकून, होकायंत्रापासून लांब राहून, खाडीच्या चिखलातून सरळ चालत जायचा. लिहिता वाचता येत नव्हतं. "तुमी लिवता, मी बगतो," म्हणायचा. "दोनी पायजे."

संशय हा त्याचा स्वभावच. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात होकायंत्र पुसायला घेतलं, तर हा समोर येऊन उभा. "बाय, डोक्यात सात हायत."

"काय सात?"

"पिना."

मी घरी जाऊन मोजल्या. सातच होत्या.

मुलीसाठी स्थळ बघायला गेला तेव्हाही पाहुण्यांच्या ओटीवर त्याने पंजा पुढे केला. मुलगा गोंधळला आणि त्याने खिसा रिकामा केला. एक किल्ली निघाली आणि एक बाटलीचं झाकण काढायचा ओपनर. हा चहा न घेता उठला. "चावी ठीक हाय," दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात खुलासा केला, "पन सकाली धा वाजता बाटली उघडायची कसली तयारी?"

असा माणूस फसेल, असं तुम्ही म्हणाल का? मीही म्हटलं नसतं.

त्याच सुमाराला गावांमध्ये संपादन झालेल्या जमिनींचे पैसे येत होते, आणि पैशाच्या मागून नाना तऱ्हेची माणसं येत होती. कोणी मोटरसायकल विकायला, कोणी विमा विकायला. मग आलं ते नाणं. कंपनी सरकारच्या काळातलं, तांब्याचं. कधीतरी त्याच्यावर वीज पडली आणि त्याच्यात शक्ती आली. खरं की खोटं ओळखायची परीक्षा एकच, ते तांदूळ ओढतं. असं नाणं परदेशातली माणसं वाटेल त्या किमतीला घेतात. फक्त आधी ते ज्याच्या ताब्यात असेल त्याच्याकडून सोडवून घ्यायला रोख पैसे लागतात.

आमच्या ऑफिसातही हा ताप चढला होता. नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनने एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत आजोबांचा जुना पैसा टेबलावर ठेवला आणि माझ्या डब्यातला भात मागितला.

"शिजवलेला चालतो का?" मी विचारलं.

"बघू या ना, मॅडम."

भाताचं एक शीत पैशाला चिकटलं. सगळे ओरडले. मी म्हटलं, "हे शीत माझ्या बोटालाही चिकटतं. मला परदेशात विका." साखळीवाला कोपऱ्यात बसून भाकरी खात होता. तो हसला नाही. मला ते तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्या शनिवारी मी दुसऱ्या होकायंत्राची पेटी उघडली. आत पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला एक गोटा होता. खाडीवरचा, काळा, गुळगुळीत. पेटी उचलली तर वजनात फरक कळू नये इतका नेमका निवडलेला.

मी खुर्चीत बसून राहिले. कपाटाची किल्ली माझ्याकडे आणि साहेबांकडे. पण पेटी नेणारा, आणणारा, कपाटात ठेवणारा तोच. आणि इतका बरोबर वजनाचा दगड निवडायला जो हात लागतो, तोही त्याचाच. नियमाप्रमाणे मी साहेबांना लगेच कळवायला हवं होतं. कळवलं असतं तर सोमवारी त्याची नोकरी गेली असती. मी रजिस्टरमधली ती ओळ कोरी ठेवली. अशी मी आयुष्यात एकच ठेवली आहे.

सोमवारी मी अर्धा तास आधी गेले. तो माझ्याही आधी येऊन दाराशी बसला होता, मांडीवर पिशवी. मी दार उघडलं, त्याच्या समोर उभी राहिले आणि माझा पंजा पुढे केला.

"लोखंड?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीतून होकायंत्र काढून दोन्ही हातांनी माझ्या हातावर ठेवलं.

"इकायला नव्हतं नेलं, बाय. परीक्षेला नेलं व्हतं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. नाणं घेऊन दोघंजण त्याच्या धाकट्या भावाकडे आले होते. जमिनीच्या शेवटच्या तुकड्याचे पैसे दोघा भावांचे, एकत्र ठेवलेले. त्यातून मुलीचं लग्न व्हायचं होतं आणि दोघांची घरं पक्की व्हायची होती. भाऊ पैसे द्यायला तयारच होता. हा म्हणाला, तांदूळ मना नको दाखवू, मी माझ्या परीनं बघतो. म्हणून रविवारी होकायंत्र.

"आदी तांब्याचा लोटा ठेवला. सुई हल्ली नाय. पोराच्या गल्यातला तांब्याचा ताईत ठेवला. हल्ली नाय. मंग तं नानं ठेवलं." त्याने हाताने गोल दाखवला. "सुई फिरली, बाय. पुरी फिरली."

"सुई कशाने फिरते?"

"लोखंडानं."

"मग?"

"पन नानं तांब्याचं हाय नं. तांब्यानं सुई फिरत नाय, तं मी तीस वर्सं बगतो. आनि ही फिरली. म्हंजे त्याच्यात काय तरी हाय."

आता बघा. गावातले बाकीचे लोक तांदळाला फसत होते, आणि हा एकटा फसत होता स्वतःच्या कामातल्या ज्ञानाला. साऱ्या जगावर संशय घेतला, पण एका सुईवर घेतला नाही, आणि जे नाणं तिच्यापुढे ठेवलं ते तांब्याचं आहे, हे मात्र दोन परक्या माणसांच्या सांगण्यावरून धरून चालला.

"तांब्याचं आहे हे कोणी सांगितलं?" मी विचारलं.

त्याने रिकाम्या पिशवीची घडी घातली. मग म्हणाला, "दिसतं तं तसं."

"पैसे कधी द्यायचे?"

"बुधवारी. अकरा वाजता येतील."

"मी येते."

"तुमी कशाला?"

"होकायंत्र माझ्या सहीने बाहेर जातं. ते जिथं गेलं तिथं मी जाणार."

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. यादी छोटी होती. घरच्या डब्यातले तांदूळ, मूठभर. स्टोअरमधली कानस, बारीक, एक, सही करून घेतलेली.

सारसोळ्यातलं त्याचं घर म्हणजे एक ओटी, आत दोन खोल्या, अंगणात वाळत घातलेलं जाळं. ओटीवर ते दोघं आधीच बसले होते. एक सफारी सुटातला, गोड बोलणारा. दुसरा काळा दोरा बांधलेला, गप्प. भावाच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि त्याचा हात पिशवीवरून हलत नव्हता.

सफारीवाल्याने ताटात स्वतःच्या पुडीतले तांदूळ पसरले आणि नाणं जवळ नेलं. दाणे खरोखर सरकले. चारदोन तर उडून नाण्याला चिकटले. आतून साखळीवाल्याची बायको बघत होती, तिने हात जोडले.

"आता माझे," मी म्हटलं, आणि दुसऱ्या ताटलीत माझे तांदूळ ओतले.

एक दाणा हलला नाही.

सफारीवाला हसला. "ताई, राग मानू नका. बाईमाणसाचा हात लागला की शक्ती दबते. दोन तास तरी दबलेली राहणार."

भाऊ माझ्यावर डाफरला, "बाय, तुमी आत बसा बगू. आमचं बिगडवू नका."

मी कानस काढली आणि साखळीवाल्यासमोर चटईवर ठेवली. परीक्षा त्याची, पैसे त्याचे, घर त्याचं. मी घासून दाखवलं असतं तर तीही बाईच्या हाताची करणी ठरली असती.

तो किती तरी वेळ कानशीकडे बघत बसला. मग उठून दोघांसमोर उभा राहिला आणि पंजा पुढे केला.

"लोखंड?"

"काय, काका?"

"खिशात असंल तं काढा. माजी पद्धत हाय."

सफारीवाल्याने हसत हसत गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. पंजा तसाच पुढे राहिला.

"आनि तं."

"ते तांबं आहे, काका."

"तांबं असंल तं घासलं तरी तांबंच निघंल नं?"

गप्प माणूस पहिल्यांदा बोलला. "घासायचं नाही. शक्ती जाईल." आणि त्याने नाण्यावर झडप घातली. पण तीस वर्षं साखळी ओढलेला हात त्याच्याआधी पोचला. कानशीचे तीन फटके. तांबडी साल गेली आणि कडेला पांढुरकी चमक दिसली. त्याने नाणं डाव्या हातातल्या किल्लीजवळ नेलं. खटकन आवाज आला आणि गाडीची किल्ली नाण्याला लटकली.

नाणं म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं लोहचुंबक होतं, आणि सफारीवाल्याच्या पुडीतल्या तांदळाला लोखंडाचा कीस चोळलेला होता. सफारीवाल्याने नाण्यावरून किल्ली ओढून घेतली. ती निघेपर्यंत त्याला दोनदा ओढावी लागली. मग दोघं निघून गेले. गाडी गावाबाहेर उभी केली होती, ते तेव्हा कळलं. नाणं तसंच राहिलं.

तुम्हाला वाटेल, भाऊ त्याच्या पाया पडला असेल. भाऊ उभा राहून ओरडला, "घासलंस म्हनून गेली शक्ती! सुई फिरली व्हती नं? तूच म्हनलास, पुरी फिरली!"

साखळीवाला खाली बसला. नाणं उलटसुलट बघत राहिला.

"सुई खोटं नाय बोलली," तो म्हणाला. "ती लोखंडच म्हनत व्हती. मीच आयकलं नाय."

मुलीचं लग्न झालं, त्या पैशातूनच झालं. भावाने आपला वाटा वेगळा घेतला आणि अंगणात मधोमध भिंत घातली. मधोमध म्हणजे त्याच्या मते. आमच्या सर्व्हेअरने बघून सांगितलं, भिंत साखळीवाल्याच्या बाजूला चांगली हातभर आत आहे, मोजून देऊ का? "नको," तो म्हणाला. "सुईला तरास कशाला?" भाऊ त्याच्याशी पुन्हा बोलला नाही. गावात बरेच लोक भावाच्या बाजूचे होते. कानस लावली नसती तर, असं वर्षानुवर्षं बोललं जात होतं.

मला एकदा त्याने विचारलं, "त्या शनवारी रजिष्टरात काय लिवलं व्हतं?"

"काही नाही. ओळ कोरी आहे."

मग म्हणाला, "मंग मी बगीतलं नाय आनि तुमी लिवलं नाय. फिटंफाट."

निवृत्त झाला त्या दिवशी त्याने सगळं जमा केलं. साखळी एक, बाण दहा, खाकी पिशवी एक. मी खुणा केल्या. मग त्याने सदऱ्याच्या खिशातून नाणं काढलं. कानशीचे तीन फटके आता गंजून लाल झाले होते.

"हे बी लिवा, बाय."

"हे स्टोअरचं नाही."

"लिवा."

मी लिहिलं. त्याने वाचून दाखवायला सांगितलं. "नाणं, लोखंडी, एक."

"आता बरोबर," म्हणाला, आणि गेला. दोन पावसाळ्यांनंतर तो वारल्याचं कळलं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका शनिवारी त्याचा भाऊ ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. मी पेट्या तपासत होते, टेबलावर होकायंत्र उघडं होतं. ते बघून तो उंबऱ्याशीच थांबला. कमरेचा चाकू काढला, किल्ल्या काढल्या आणि ट्रेमध्ये ठेवल्या. कोणी मागितलं नव्हतं. नव्या साखळीवाल्याने तर ती पद्धत कधीच सोडून दिली होती.

मग आत येऊन म्हणाला, "तं नानं तुमच्याकं हाय म्हनं."

मी कपाटातून काढून दिलं. त्याने खिशातली कागदाची पुडी सोडली, तांदूळ टेबलावर पसरले, नाणं जवळ नेलं. दाणे जागच्या जागी राहिले. त्याच्या पलीकडे, हातभर अंतरावर, होकायंत्राची सुई मात्र हलली. त्याने ते पाहिलं. नाणं मागे घेतलं, सुई परत आली. पुढे नेलं, पुन्हा हलली. असं त्याने तीनचार वेळा केलं.

"काय लिवलंय ह्याचं?"

मी रजिस्टर काढून ती ओळ वाचली.

तांदळाचा दाणा न् दाणा वेचून त्याने पुडीत भरला. दाराशी जाऊन चाकू कमरेला लावला, किल्ल्या खिशात टाकल्या आणि हातातलं नाणं रिकाम्या ट्रेमध्ये ठेवलं.

"ऱ्हाऊ दे तं तिथंच," तो म्हणाला. "लोखंडात."