तारेला डोळे असतात का?

मित्रांनो, आज हुबळीत आमच्या एकाच घरात निम्म्यांची ईद होती आणि निम्म्यांचा रोजा. काल ढगांमुळे इथं चांद कुणालाच दिसला नाही, पण तो दिसल्याची तार मुंबईहून आली.

थोरल्या चाचांनी आज ईद केली. धाकटे चाचा म्हणाले, “तारेला डोळे असतात का? मी तिसावा रोजा धरणार.”

“धर. डोक्यातले ढग तरी हटतील,” थोरले म्हणाले.

या दोघांची गळाभेट बघायला मी दरवर्षी भटकंती सोडून येतो. (गाडी धारवाडला तासभर अडली, ते असो.)

अम्मानं शिरखुर्म्याची वाटी धाकट्यांकडे माझ्याच हाती पाठवली. त्यांनी झाकणही न काढता परत दिली.

तारीख वेगळी असू दे हो. पण संध्याकाळी रोजा सोडायला तीच वाटी चालली नसती का?