लाल टोपणाची सिरिंज

मी रसायनशास्त्राचा माणूस. सुई दिसली की आजही मान फिरवतो. अशा माणसाने धुळ्यातल्या नर्सिंगच्या मुलींना इन्सुलिन कसं भरायचं याचा व्हिडिओ करावा, यातच सगळं आलं. पण पुस्तकातलं इंग्रजी विज्ञान त्यांच्या डोक्यावरून जायचं आणि माझे मराठी व्हिडिओ त्यांना कळायचे. ‘सर, भारी!’ असं वाचून वाचून मी हवेत गेलो होतो.

शिकवायची होती द्रावणाची तीव्रता. फळ्यावर शिकवली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. मी नर्सिंगच्या लॅबमधली इन्सुलिनची बाटली उचलली, हाताला लागली ती सिरिंज घेतली, कॅमेऱ्यासमोर वीसच्या रेघेपर्यंत औषध ओढलं आणि म्हणालो, “बघा, इतकं सोपं!”

शनिवारी मुली गावी जाताना व्हिडिओ हॉस्टेलच्या वायफायवर उतरवून घेतात, मळ्यात रेंज नसते म्हणून. ही युक्तीही माझीच.

त्या शनिवारी दुपारी स्टाफरूममध्ये मी तो व्हिडिओ नर्सिंग शिकवणाऱ्या मॅडमना कौतुकाने दाखवला. त्या हसता हसता थांबल्या.

“सर, बाटली शंभरची आहे. एका मिलिलिटरला शंभर युनिट.”

“हो, मग?”

“आणि सिरिंज लाल टोपणाची. ती चाळीसच्या बाटलीसाठी असते. शंभरचं औषध कडक, त्याला नारिंगी टोपण लागतं. तुमच्या सिरिंजमध्ये वीस नाही, पन्नास युनिट आलीत.”

“मग काय होईल?”

“साखर उतरेल. म्हातारं माणूस असेल तर झोपेल आणि उठणार नाही.”

मी व्हिडिओ काढून टाकला. पण उतरवून घेतलेला कसा काढणार? ग्रुपवर लिहिलं, ‘डिलीट करा, चूक आहे.’ मुलींची उत्तरं येऊ लागली, काहींनी तर हसरे चेहरेही पाठवले. एकीचंच उत्तर येईना. तिचा सकाळचा मेसेज वर तसाच होता: ‘सर, आज संध्याकाळी आबांना मीच सुई देणार. तुमचा व्हिडिओ उतरवतेय. बाटली पण सेम आहे.’ त्याखाली मीच अंगठा दाखवला होता.

फोन लागेना. मॅडमची स्कूटर मागितली. “सर, तुम्हाला हायवेवर चालवता येते ना?” त्यांनी विचारलं. “येते,” मी म्हणालो. येत नव्हती.

सोनगीरच्या पुढे तिच्या आजोबांचा, म्हणजे आबांचा मळा. वाटेत ट्रक अंगावरून जायचे तेव्हा मला ट्रकची भीती वाटत नव्हती, हे आठवलं की आता जास्त भीती वाटते. ऊन उतरत होतं. म्हातारी माणसं लवकर जेवतात आणि सुई जेवणाआधी देतात, एवढं मलाही ठाऊक होतं. गेल्यावर अंगणात माणसं जमलेली दिसली तर स्कूटर उभी करायची की परत फिरवायची? हा विचार मी केला. खोटं कशाला सांगू.

अंगणात खाटेवर आबा बसले होते. सदरा छातीपर्यंत वर, पोट उघडं.

“झाली सुई?” मी ओरडलो.

“व्हयनी ना,” आबा अहिराणीत म्हणाले. म्हणजे झाली होती. “कोन शे भाऊ तू?”

मी ओट्यावरच बसलो. पोरगी आतून धावत आली. “सर, तुम्ही?”

“कोणत्या सिरिंजने दिली? टोपण कोणतं?”

तिने कोपऱ्यातल्या डब्यातून टोपण काढून दाखवलं. नारिंगी. मी ते हातात घेऊन उजेडात धरलं. नारिंगीच.

“व्हिडिओत तर लाल होतं...”

“व्हिडिओ चाललाच नाही सर. बस आली म्हणून अर्धाच उतरला. तुमचं तोंड उघडं राहिलं आणि पुढे काहीच नाही. मग आईनं रोजच्यासारखी भरून दिली, मी नुसती टोचली.” ती ओशाळली. “सॉरी सर. पुन्हा उतरवून घेईन.”

“वं पोरी, सरले च्या दे,” आबा म्हणाले. “साखर जास्ती टाक. मन्ही नही, त्यानीच साखर उतरेल दिसस. थरथर कापी राहिना बिचारा.”

चहा आला. बशीत कमी आणि पँटवर जास्त सांडला. मग मी तिला सगळं सांगितलं: बाटली, सिरिंज, वीसच्या रेघेवरची पन्नास युनिट. ती मान खाली घालून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “सर, कॉलेजमधली लाल टोपणाची सिरिंज माझ्या बॅगेत होती. तो पूर्ण उतरला असता तर मी आईचं ऐकलं नसतं.”

आबांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्यांनी हळूच सदरा खाली ओढून पोट झाकून घेतलं आणि खाटेच्या पलीकडच्या काठाला सरकून बसले.