जावईबापूंचा बोल्ट

तुटणं हेच ज्याचं काम, त्या वस्तूला न तुटणारी करून ठेवणाऱ्या माणसाला काय म्हणावं? आमच्या घरी त्याला जावई म्हणत आणि पाटावर बसवून वडे खाऊ घालत. अजून आठवलं की टाळकं सरकतं माझं.

ऐंशी सालाच्या आगेमागेची गोष्ट. आमचा ट्रॅक्टर इतका जुना, की तो सुरू झाला की नदीपलीकडे कारध्यात कपबश्या वाजत. धूर असा, की शेजारच्या म्हातारीनं संध्याकाळ झाली समजून भरदुपारी दिवा लावला होता. पण दिवाळी सरली की धानाचं थ्रेशर त्याच्यावरच चाले. ट्रॅक्टरच्या मागून फिरणारा शाफ्ट थ्रेशरला जोडायचा, आणि त्या जोडात एक बोल्ट. नरम लोखंडाचा, करंगळीएवढा. ओला भारा अडकून थ्रेशर जाम झालं की आधी हा तुटे आणि ट्रॅक्टरच्या पोटातले गिअर वाचत. ड्रायव्हर मी होतो. हे मला झोपेतही ठाऊक होतं.

त्या साली तो बोल्ट झिजून कमरेत बारीक झाला आणि शाफ्ट खडखडायला लागला. खळ्यावर धानाची पुंजणी, म्हणजे भाऱ्यांचे ढीग, उभी, वर आभाळ भरून आलेलं. पाऊस यायच्या आत सगळं धान घरात जायला हवं होतं. भंडाऱ्याहून तसाच नरम बोल्ट आणावा म्हणून मी सायकल काढली, तर समोरून भाऊजी हजर! माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वरठीला लेथवर कामाला. बहीण आठवडाभर आधीच माहेरी आलेली, तिच्याकडून यांना बोल्टाची खबर लागलेली.

"कायले जाता साळेबुवा? हा घ्या. मी सोता बनवला. हत्ती बांधा याले, तुटत नाही."

"भाऊजी, तो तुटाले पाह्यजे ना!"

"तुटाले पाह्यजे? मंग लावता कायले?"

सगळं खळं हसलं. मला! मी बाबांकडे पाहिलं. बाबांना माझ्याइतकंच कळत होतं. पण जावयानं आपल्या हातानं बनवून आणलेली वस्तू परत करायची? आमच्याकडे जावयानं चहात मीठ घातलं तरी सासरा आणखी अर्धा कप मागतो. आईनं तर तोवर त्या बोल्टाला हळदकुंकूही लावलं होतं.

"लाव," बाबा म्हणाले.

"बाबा, गिअर जाईन."

"जावई हायेत ते. लाव म्हणलं ना!"

लावला. ठोकताना हातोड्याखाली मी कोणाचं डोकं पाहत होतो ते लिहीत नाही. बहिणीच्या घरीही हे वाचलं जाईल.

भाऊजी खाटेवर बसले आणि तिथूनच हुकूम सोडायला लागले. "घाला ना मोठे मोठे भारे! आता कायचं भेव?" गड्यांनी घातले. त्यातला एक भारा तळाचा, ओला, चिवट. थ्रेशर गुरगुरलं, हादरलं आणि गच्च झालं. शाफ्ट थांबला. बोल्ट तुटायचा तो हाच क्षण. तो काही तुटला नाही. ट्रॅक्टरच्या पोटातून मात्र असा आवाज आला, जणू कोणी भांड्यांचं अख्खं दुकान विहिरीत ढकललं. आमच्या तळ्यावरचे बगळे उडाले ते थेट पवनीला जाऊन उतरले. झाकण उघडलं तर तेलात गिअरचे दातच दात.

भाऊजी आले, वाकले, जोडावरून बोट फिरवलं आणि, माझी शपथ, छाती फुगवून बाबांना म्हणाले, "पाहा मामाजी! बोल्टले वरखडाही नाही."

बाबा म्हणाले, "मजबूत हाये, जावईबापू."

मजबूत हाये! मी तिथून उठून गेलो नसतो तर गावात त्या दिवशी काहीतरी भलतंच झालं असतं. जाताना तो बोल्ट ठोकून काढला आणि घरापुढच्या सपरीत भिरकावला. मग खळ्यावर बैल जुंपले आणि त्यांच्या पायांखाली धान चुरायला लागलो. तिसऱ्या प्रहरी सरी आल्या आणि एक पुंजणं आमच्या डोळ्यांदेखत भिजलं. भाऊजी खाट आत ओढून घेऊन, बैल कसे हाकावेत ते सांगत होते.

संध्याकाळी पान वाढलं. बहीण आधी सपरीत जाऊन आली. तिनं भाऊजींच्या ताटात वडे वाढले, रस्सा वाढला, आणि वड्यांच्या मधोमध तो बोल्ट ठेवला. हळदकुंकवासकट.

"हे काय वं?"

"खा ना. तुमच्याच हातचं हाये."

"अवं, दात तुटतीन माझे!"

"तुटू द्या. बोल्टले काही होत नाही ना?"

बाबांनी तांब्या तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी बराच वेळ खाली आला नाही.

सकाळी मी खळ्यावर पोचलो तर जावईबापू धोतर खोचून बैलांच्या मागे फिरत होते. कोणी सांगितलं नव्हतं. मी पेंढ्या सोडून टाकत गेलो, ते हाकत गेले. जरा बरं वाटायला लागलं होतं मला, तेवढ्यात आई चहा घेऊन आली. तिनं ते दृश्य पाहिलं आणि कोणाला ओरडली असेल?

"जावयाले बैलामागं लावलं? तुले काही लाज हाये का नाही?"

मला!