वडिलांचा विरोध पाहिजे

तुमच्या बाबांना दुष्ट केलंत तर पुस्तक छापू, असं एका बाईंनी मला हसतमुखाने सांगितलं. अगदी याच शब्दांत नाही, या लोकांचं बोलणं फार गोड असतं. पण अर्थ तोच. त्याला आता वर्ष होत आलं, तरी आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

मी न्यूझीलंडमध्ये टौरंगाला एका फार्मसीत काम करते. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांच्या गोळ्या वारांप्रमाणे कप्प्यांत भरायच्या, काउंटरवर सगळ्यांचे खोकले ऐकायचे, आणि जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून लिहायचं. असं चार वर्षं लिहून मी इंग्रजीत एक प्रेमकादंबरी पुरी केली. नायिका पुण्याची, किवीफळांच्या पॅकहाउसमध्ये फळं तपासणारी. नायक तिथेच फोर्कलिफ्ट चालवणारा माओरी. तिला पार दक्षिण बेटावर, हॉर्नबीला बढतीची नोकरी मिळते आणि त्याला आजारी आजीला सोडून टौरंगाबाहेर पाऊल टाकायचं नसतं. एवढंच. दोन शहाणी माणसं, एकमेकांवर जीव, आणि कोणी कोणासाठी काय सोडायचं हा प्रश्न. प्रेमकथेला आणखी काय लागतं हो?

नायिकेचे वडील मात्र मी रचलेले नव्हते. ते माझे बाबा होते, उचलून जसेच्या तसे ठेवलेले. तमिळ मुलाशी लग्न करायचंय असं मी त्यांना फोनवर सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "त्याला चहा करता येतो का?" आमच्या घरी सकाळचा चहा कायम बाबांचा, त्यामुळे प्रश्न अगदी गंभीर होता. येतो म्हटल्यावर म्हणाले, "मग माझं काय काम?" झालं. ठरलं लग्न. हे सगळं मी कादंबरीत घातलं, शब्द न बदलता.

हस्तलिखित वाचून एका प्रकाशनाच्या संपादक बाईंनी ऑकलंडला भेटायला बोलावलं. मी रजा टाकली, तीन तास गाडी हाकली, नवा ड्रेस घातला. बाईंनी किया ओरा असा माओरी नमस्कार करत मिठी मारली, कॉफी मागवली आणि "हीप्स ऑफ पोटेन्शियल" म्हणाल्या. मी हवेतच. मग त्यांनी माझे कागद उघडले. चहाच्या वाक्याभोवती लाल रेघ, आणि बाजूला लिहिलेलं : हे खरं वाटत नाही.

खरं वाटत नाही! माझे बाबा माझ्याशी जे बोलले ते, पुणं नकाशावर तरी पाहिलंय की नाही देव जाणे, त्या बाईंना खरं वाटत नाही!

"वडिलांचा विरोध पाहिजे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे घराण्याची अब्रू वगैरे असतं ना? वडील तिचं तोंड पाहायला तयार नाहीत, ती एकटी पडते, असं काहीतरी. वाचक तिथे गुंततात."

मी म्हटलं, असे वडील असतात, नाही कशाला म्हणू? पण हे तसे नाहीत.

त्यावर बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "हे लिहिणं तुम्हाला जड जात असेल. मला कळतं." डोंबल कळतं! त्यांना वाटलं, मी घरचं दुःख झाकतेय. वर म्हणतात कशा, "यंदा आमच्याकडे भारतीय प्रेमकथेसाठी एक जागा आहे. ती तुम्हालाच मिळावी, असं मला मनापासून वाटतं."

एक जागा. गुरांच्या डॉक्टरांच्या आणि देखण्या शेतकऱ्यांच्या प्रेमकथांना किती जागा होत्या कोण जाणे, बाईंच्या मागची फळी त्यांनीच भरलेली होती. आमच्या लेखनाच्या गटातल्या गोऱ्या मैत्रिणीचं पुस्तकही त्याच फळीवर होतं. तिच्या नायिकेचे वडील पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कोन भाजतात आणि होणाऱ्या जावयाला मिठ्या मारतात. ते खरे वाटत नाहीत, असं तिला कोणी म्हटलं नाही. तिचा बाप प्रेमळ आहे हे सगळ्यांना आधीच मान्य. माझ्या बापाने मात्र आधी दुष्ट व्हायचं, मग जमलं तर शेवटच्या प्रकरणात सुधारायचं.

आणि मी काय केलं? कॉफी संपवली, "थँक यू सो मच" म्हटलं आणि गाडीत येऊन स्टिअरिंगवर दोन बुक्क्या मारल्या. घरी ओट्याशी तावातावाने जे सगळं नवऱ्याला ऐकवलं, ते त्या बाईंना ऐकवायला हवं होतं.

मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, "एकदा आत तर शीर. दुसऱ्या पुस्तकात हवं ते लिही." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला दारात कोणी अडवलंच नव्हतं, त्यामुळे आत शिरणं तिला सोपं वाटायचं.

खोटं कशाला बोलू, मी लिहिलंही. दोन दिवसांच्या जेवणाच्या सुट्ट्यांत अख्खं प्रकरण झालं. बापाने फोन भिंतीवर आपटला, 'तू मला मेलीस' म्हणाला, दाराला कडी घातली. असा बाप टीव्हीवर इतक्या वेळा पाहिलेला, की एक शब्दसुद्धा शोधावा लागला नाही. बाईंना पाठवलं. त्याच संध्याकाळी उत्तर : आता कसे अगदी खरे वाटतात! करार पाठवायची तयारी करू ना?

रविवारी दुपारी, तिकडची सकाळ साधून, मी बाबांना व्हिडिओ कॉल केला. आधी सांगणं भाग होतं. सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडतील. कुठलं काय! ते खो खो हसायला लागले.

"मग कर की मला दुष्ट. तिथे मला कोण ओळखतंय?" एवढं बोलून थांबले नाहीत. चष्मा काढला, भुवया चढवल्या आणि ओरडले, "पुन्हा या घराची पायरी चढू नकोस!" मग मलाच विचारतात, "जमलं का?"

"बाबा, गंमत नाहीये. लोक वाचतील ना."

"वाचू देत. एक प्रत मात्र मला पाठव. सोसायटीच्या वाचनालयात ठेवतो. माझ्या मुलीचं पुस्तक आहे म्हणून सांगतो सगळ्यांना."

ज्या पुस्तकात हा माणूस पोटच्या पोरीला मेलीस म्हणतो, ते पुस्तक हा माणूस चार लोकांना कौतुकाने दाखवणार होता. फोन ठेवला आणि मी रडले. दुःखाने नाही, संतापाने. माझी स्वतःचीच मला लाज वाटली. उठले, बाईंना लिहिलं : ते प्रकरण काढून टाकते आहे, वडील आधी होते तसेच राहतील, ते खरे आहेत.

तीन दिवसांनी दोन ओळी आल्या. माझा निर्णय त्यांना समजला, ती एक जागा आता दुसऱ्या पुस्तकाला दिली आहे, पुढच्या लेखनाला शुभेच्छा. त्या दोन ओळी मी गिळल्या. नाहीतर काय करणार होते? पण पुढच्या रविवारी बाबांनी विचारलं, "कधी येतंय पुस्तक?" आणि मला सांगावं लागलं, की येत नाहीये.

पडद्यावर नुसतं त्यांचं कपाळ दिसत होतं.

"माझ्यामुळे राहिलं का गं?"

"नाही!" मी इतक्या मोठ्याने ओरडले, की नवरा स्वयंपाकघरातून धावत आला. "तुमच्यामुळे कसं राहील? त्या बाईंमुळे राहिलं! त्यांच्या डोक्यात जो बाप आहे ना, त्याच्यामुळे राहिलं!"

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग अगदी मनापासून म्हणाले, "मी तेव्हा थोडा तरी विरोध करायला हवा होता गं."